लिहिलेलं नव्हतं

सुधावहिनी आणि इथे जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. एक तर माझं मराठी घरातलं आहे. आमची माणसं किती पिढ्यांपूर्वी या गावात आली ते आता कोणालाच सांगता येत नाही. बोलता बोलता कन्नड शब्द येतील, ते पोटात घाला. दुसरं म्हणजे, जवळचं माणूस गेलं की मला नीट बोलता येत नाही. मला राग येतो. आज तो स्वल्प जास्तच आलेला आहे. पण वहिनी म्हणाल्या, "गणोजीराव, तुम्ही बोललंच पाहिजे." म्हणून उभा आहे.

मी गणोजीराव. राजाजीनगरात माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, यावरच माझं घर चालतं. समोर हार घातलेला खांबेटेसाहेबांचा फोटो आहे, त्याची फ्रेमही मीच केली.

मघापासून मी मागे बसून सगळ्यांचं ऐकत होतो. एक जण म्हणाले, आयुष्यभर नास्तिक राहिलेल्या माणसाला शेवटी देवाची ओढ लागली. दुसरे म्हणाले, कपाळाला अंगारा लावून शांतपणे गेले. आणखी कोणी म्हणालं, त्यांच्या जन्माला वरून नेमून दिलेला हेतू होता, तो पुरा झाला आणि त्यांना बोलावणं आलं.

मंडळी, मला संशय येतो. माफ करा, पण येतो. गेलेल्या माणसाला घाईघाईने आपल्यासारखा करून टाकायची आपल्याला एवढी गरज का पडते? मी दवाखान्यात होतो. अंगारा लावला तेव्हा मी तिथेच होतो. म्हणून जे झालं ते सांगतो. त्यातून काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

खांबेटेसाहेब सरकारी प्रयोगशाळेत होते, हे तुम्हाला माहीत आहे. मोडलेल्या वस्तू त्यांच्याकडे यायच्या. तुटलेला आस, फुटलेली टाकी, दुभंगलेलं चाक. ती वस्तू का मोडली हे शोधायचं, एवढंच त्यांचं काम. माझी त्यांची ओळख अशाच एका वस्तूमुळे झाली.

माझा धाकटा भाऊ येसू. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता. तिथे जड साचे उचलायला छताखाली क्रेन होती. एका सकाळी क्रेनचा हुक तुटला आणि साचा खाली आला. खाली येसू उभा होता. खरं तर ती त्याची जागा नव्हती. नेहमीचा माणूस पाणी प्यायला गेला म्हणून हा पुढे झाला. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. येसूचं लग्नाचं बघत होतो आम्ही.

मालक म्हणाला, पोरगा निष्काळजी होता, नको तिथे उभा राहिला. मग चौकशीची वेळ आली, तसा त्याने सरकारी प्रयोगशाळेतला तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञ कोण, तर खांबेटे म्हणून कोणी महाराष्ट्रातले साहेब. मी मनात म्हटलं, झालं. मालकाने बोलावलेला माणूस मालकाचंच बोलणार.

पत्ता काढला. राजाजीनगरातच निघाला, माझ्या दुकानापासून लांब नाही. रविवारी सकाळी गेलो. बघतो तर दारात मालकाची गाडी उभी. ड्रायव्हरच्या हातात फळांची मोठी करंडी. मी समोरच्या झाडाखाली थांबलो. मला वाटलं, आता आत जाऊन विचारायचं तरी काय राहिलं?

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. या वहिनी, ज्या इथे समोर बसल्यात. त्यांनी करंडी घेतली नाही. ड्रायव्हर काहीतरी विनवत होता, त्या नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी त्याने करंडी परत गाडीत ठेवली. गाडी गेल्यावर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मग साहेबही बाहेर आले. बनियनवर होते.

"तुम्ही त्या मुलाचे कोण?"

"भाऊ. गणोजीराव."

"आत या."

चहा आला. मी कपाला हात लावला नाही. साहेबांनी वर्तमानपत्र ओढलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने हुकाचं चित्र काढलं. जिथे तुटला ती जागा मोठी करून दाखवली. त्यातला बराचसा भाग पेन्सिल घासून काळा केला, उरलेला तसाच पांढरा ठेवला.

म्हणाले, "हा काळा भाग म्हणजे जुनी चीर. आतून गंजलेली आहे. हुक महिनोन्‌महिने तुटत होता. हा चकचकीत भाग तेवढा त्या सकाळी तुटला. एवढाच उरला होता. कोणी एकदा जवळ जाऊन बघितलं असतं तर दिसलं असतं. तुमच्या भावाची चूक नाही."

मी विचारलं, "हे तुम्ही मालकाला सांगणार?"

"कालच सांगितलं. म्हणून तर आज फळं आली."

आणि त्यांनी ते शेवटपर्यंत बदललं नाही. चौकशीत तेच बोलले. मालकाला मान खाली घालावी लागली.

पण त्या सकाळी मी तेवढ्यावर उठलो नाही. माझ्या छातीत दुसराच प्रश्न अडकला होता. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे साहेब. हुक का तुटला ते कळलं. आता मला सांगा, येसूच का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज मऊ होता, पण उत्तर मऊ नव्हतं. "याला 'का' नसतं, गणोजीराव. हुक तुटायला आला होता, तुटला. खाली तो होता. दुसरा असता तर दुसरा गेला असता. लोखंडाला काही ठाऊक नसतं."

मी चहा तसाच ठेवून निघालो. काय माणूस आहे, म्हटलं. याचा अहवाल खरा असेल, पण याला काळीज आहे की नाही? तेव्हा मला पहिला संशय आला की यांच्या जगात येसू आणि साचा यांत फरकच नाही. दोन वस्तू, एक वर, एक खाली.

आता माझ्या अम्माबद्दल सांगायला हवं. आमच्यात आईला अम्माच म्हणतात. येसू गेल्यापासून अम्मा रडली नव्हती. जेवतही नव्हती. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. रागीची अंबील समोर ठेवली तर ती गार होऊन तशीच राहायची. डॉक्टर झाले, नातेवाईक झाले. एक भविष्य सांगणारे जोशी घरी येऊन बसले, तिच्याशी एकटीशी बोलले आणि गेले. त्यानंतर ती अजूनच गप्प झाली. मला वाटलं, तिला कोणीतरी मोठ्या माणसाने एकदा सांगायला हवं की हे विधिलिखित होतं, कोणाच्या हातात काही नव्हतं. म्हणजे तिचं मन थाऱ्यावर येईल.

म्हणून मी परत खांबेट्यांकडे गेलो. हात जोडले. म्हटलं, "साहेब, एक डाव घरी या. तुम्ही मानत नाही, मला माहीत आहे. पण अम्माला एवढंच सांगा की हे होणारच होतं. एका वाक्याचं काम आहे."

ते म्हणाले, "येतो." काय सांगेन ते म्हणाले नाहीत.

आले. चप्पल बाहेर काढून सरळ अम्मासमोर जमिनीवर बसले. अम्माने मान वळवली आणि त्यांना विचारलं. जणू तिला माहीतच होतं की हे त्यासाठी आलेत. "साहेब, हे लिहिलेलंच होतं ना?"

मी तिच्या मागे उभा होतो. मी साहेबांना मानेने खुणावलं. हो म्हणा. नुसतं हो म्हणा.

साहेबांनी माझी खूण बघितली. मग म्हणाले, "नाही, अम्मा. लिहिलेलं नव्हतं. हुकाला चीर होती. कोणी बघितली नाही. बघितली असती तर येसू आज घरी असता."

मला त्या क्षणी त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं. खरंच सांगतो. पण अम्मा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "मग नवस?"

"कसला नवस?"

तेव्हा ते बाहेर आलं. आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. येसू पोटात असताना अम्मा तुळजापूरच्या देवीला बोलली होती, मूल नीट झालं तर त्याला घेऊन तुझ्या पायाशी येईन. जाणं झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत येसू मिशा फुटण्याएवढा झाला. आणि ते जोशी तिला सांगून गेले होते की देवीने आपलं देणं परत घेतलं. एवढे दिवस आमची अम्मा भिंतीकडे तोंड करून हेच धरून बसली होती की माझ्या पोराला मी मारलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अम्मा, तुम्ही तुळजापूरला दहा वेळा गेला असतात तरी तो हुक त्याच सकाळी तुटला असता. आणि नवस फेडलेला माणूस खाली असता तरी तोही गेला असता. हुकाला तुमचा नवस माहीत नव्हता. तुम्ही काही केलेलं नाही."

अम्मा रडली. येसू गेल्यानंतर पहिल्यांदा. साहेब तिथेच बसून राहिले. ना पाठीवर हात ठेवला, ना दोन शब्द बोलले. नुसते बसले. संध्याकाळी अम्माने अंबील मागून घेतली.

मंडळी, आपण म्हणतो की जगाला अर्थ नसेल तर माणूस जगेल कसा? मीही म्हणतो. माझ्या दुकानात भिंतभर देव आहेत. पण त्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलं. अर्थाने माझ्या आईला भिंतीशी दाबून धरलं होतं, आणि 'लोखंडाला काही ठाऊक नसतं' या कोरड्या वाक्याने तिला सोडवलं. तेव्हापासून कोणी मला म्हणालं की यामागे काहीतरी मोठा हेतू असेल, की मी विचारतो, कोणाचा? आणि त्याची किंमत कोणाच्या डोक्यावर?

पण गोष्ट तिथे संपली नाही. साहेब उठायला लागले तेव्हा अम्माने डोळे पुसून त्यांना विचारलं, "मग बाकीचे हुक कोण बघणार?"

साहेब दारात थांबले. "म्हणजे?"

"पीण्यात केवढे कारखाने आहेत. सगळीकडे हुक असतील. त्यांच्या खाली पोरं असतील. लिहिलेलं नाही म्हणता ना? मग कोणीतरी बघायला नको?"

साहेबांनी चप्पल पायात घातली. आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दुकानासमोर स्कूटर थांबली. साहेब. पायाशी एक पिशवी. पिशवीत रॉकेलची बाटली, चिंध्या, खडूची पूड आणि भिंग. म्हणाले, "पीण्यात ओळख आहे का कोणाची?"

अशी सुरुवात झाली. छोट्या छोट्या वर्कशॉपमध्ये जायचं, मालकाला विनवायचं, हुक खाली घ्यायला लावायचा. हुकाला रॉकेल चोपडायचं, थोडं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल पुडीत उतरतं आणि बारीक काळपट रेघ उमटते. मी पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा भिंग घेऊन परत परत बघत राहिलो. तो हुक त्या सकाळपर्यंत चालू होता.

लोक काय म्हणायचे विचारू नका. कोणाला वाटायचं हे सरकारी इन्स्पेक्टर, वरचे पैसे काढायला आलेत. एकाने विचारलं, निवडणुकीला उभे राहणार का? एकाने तर स्पष्ट सांगितलं, फुकट करतोय म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे. आणि मंडळी, मलाही तेच वाटायचं. मी बरोबर जायचो, पिशवी धरायचो आणि मनात म्हणायचो, या माणसाचा डाव काय आहे? याला देव नको, पुण्य नको, पुढचा जन्म नको. मग रविवारची झोप सोडून हा रॉकेलमध्ये हात का घालतो?

एकदा पीण्यातच चहा पिताना मी त्यांना धरलं. म्हटलं, "साहेब, लोखंडाला काही ठाऊक नसतं, मान्य. पण तुमचं म्हणणं असं की माणूसही शेवटी तसाच. थोडं लोखंड, थोडा कोळसा, बरंचसं पाणी. मग मला सांगा, हुकाची काळजी कोणाला वाटते? पाण्याला की कोळशाला?"

ते हसले. म्हणाले, "हा प्रश्न मला आवडत नाही."

"आवडत नाही म्हणून सुटत नाही."

"नाही सुटत. काळजी वाटते हे खरं आहे. ती वरून कोणी आत घातली असं मानायला मला काही सापडलेलं नाही. याच मातीतून ती उगवली असावी. कशी, ते मला माहीत नाही."

मी म्हटलं, "हे उत्तर नाही. ही पळवाट आहे."

"असेल," ते म्हणाले. "तुमचं उत्तर तरी वेगळं काय आहे? तुम्ही फक्त न कळण्याच्या जागी एक फोटो लावता."

मी चिडलो. परत येताना स्कूटरवर त्यांच्याशी बोललो नाही. पण पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही.

आता दवाखान्याबद्दल.

साहेबांना अंथरुणातून उठता येईनासं झालं तेव्हा अम्मा त्यांना बघायला गेली. तिचे गुडघे गेलेत. बस बदलत बदलत, माझा हात धरून गेली. पदराला देवीचा अंगारा बांधलेला. त्यांच्या उशाशी उभी राहून विचारलं, "लावू का?"

"लावा, अम्मा."

तिने लावला. साहेबांनी हात जोडले. दारातून कोणीतरी बघितलं, आणि तिथून ती गोष्ट इथपर्यंत आली.

अम्मा बाहेर बाकावर बसली तेव्हा मी त्यांना विचारलं. मला राहवलं नाही. "साहेब, हे काय? शेवटी मानलंत?"

ते म्हणाले, "राख आहे ती, गणोजी. राख मी मानत नाही. ती घेऊन या गुडघ्यांनी कोण आलं, ते मानतो. हात तिला जोडले."

हे मी जसंच्या तसं सांगतोय. देवाची ओढ वगैरे नव्हती. आता, माझ्या बाजूचे लोक नाराज झाले असतील आणि साहेबांच्या बाजूचे खूश झाले असतील. तर तुम्हीही थांबा. थोड्या वेळाने वहिनी ओल्या कपड्याने त्यांचं तोंड पुसायला आल्या. गाल पुसले, मान पुसली. कपाळाशी हात गेला तेव्हा साहेबांनी तो हलकेच बाजूला केला. वहिनी, तुम्हाला आठवत असेल. अंगारा तसाच राहिला. का बाजूला केला? मी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही. म्हणून मला त्यांच्या उत्तराचाही पूर्ण भरवसा नाही, आणि इथे जे ऐकलं त्याचा तर नाहीच नाही.

आणि ते शांतपणे गेले हेही खरं नाही. मी विचारलं होतं, भीती वाटते का? म्हणाले, वाटते. मग कुठल्या तरी कारखान्याचं नाव घेऊन विचारलं, "त्याने ती क्रेनची साखळी बदलली का?" मी म्हटलं, अजून नाही. त्यांना राग आला. चांगला राग आला. मरायला टेकलेला माणूस साखळीवरून चिडला होता. शेवटच्या दिवसांतले त्यांचे जे शब्द माझ्याजवळ आहेत ते एवढेच. ते गाथेत घालण्यासारखे नाहीत. पण त्यांचेच आहेत.

परवाच्या रविवारी मी एकटाच पीण्याला गेलो. वहिनींनी पिशवी दिली होती. साखळी राहिलेल्या त्या कारखान्यात गेलो, ती बदलून घेतली. मग शेजारच्या एका नव्या शेडमध्ये शिरलो. मालक तरुण होता, मला ओळखत नव्हता. हुक बघायचाय म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "यारु कळिसिद्दु?" कोणी पाठवलं तुम्हाला?

साधा प्रश्न होता. खांबेटेसाहेबांचं नाव घ्यावं तर ते या जगात नाहीत, आणि त्यांच्या मते ते कुठेच नाहीत. देवाचं नाव घ्यावं, तर त्याने मला काही सांगितल्याचं मला आठवेना. अम्मा तर घरी झोपली होती.

मी म्हटलं, "कोणी नाही. मीच आलो."

तो खूप वेळ माझ्याकडे संशयाने बघत होता. बरोबरच होतं त्याचं. मग म्हणाला, "सरी, बघा." आणि हुक खाली घ्यायला सांगितला.

मंडळी, तुम्ही मला विचाराल की तू आता काय मानतोस? मला माहीत नाही. मी सकाळी दुकान उघडताना देवांना उदबत्ती लावतो, आणि रविवारी रॉकेलची पिशवी घेऊन निघतो. या दोन्हींत मेळ कसा घालायचा ते मला साहेबांनी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

आता आपण सगळे उभे राहू या. ज्यांना आत्म्याला शांती मागायची असेल त्यांनी मागावी. ज्यांना वाटतं की मागायला कोणी नाही, त्यांनी नुसतं उभं राहावं. थोडा वेळ कोणी काही बोलू नये. त्या शांततेत काही ऐकू येतं का, ते ज्याचं त्याने बघावं.

ऐकू आलं नाही, तरी उभे राहू.